कागद गेला आणि काचेची पाटी आली
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी या आळीची माहेरवाशीण. ज्या ओसरीवर आज ही खुर्ची मांडली आहे, त्याच ओसरीवर आईच्या मागे बसून मी मंडळाच्या भोंडल्याची गाणी पाठ केली. त्यामुळे "वर्धापनदिनाला चार शब्द बोला" असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती. विषय मात्र त्यांनी माझ्यावर सोपविला आणि तेथेच पंचाईत झाली. परदेशी राहून आलेल्या बाईने प्रवासवर्णन सांगावे अशी आपल्याकडे रीत आहे. पण इंग्लंडात मी अठ्ठावीस वर्षे काढली, त्यांतली एकवीस एका कचेरीत, कागद वाचण्यात. राणीचा वाडा मी दोनदाच पाहिला आणि तोही बाहेरून. तेव्हा ज्यात माझा काळ गेला तेच सांगते. विषय आहे रुग्णवाहिकेतला कागद, आणि तो जाऊन त्याच्या जागी काचेची पाटी कशी आली, हा. ऐकावयास रुक्ष वाटेल, पण आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी म्हातारे माणूस आहे, म्हणून हा विषय घेतला.

इंग्लंडात ९९९ हा आकडा फिरविला की रुग्णवाहिका येते. ही सोय लंडन शहरात ३० जून १९३७ रोजी सुरू झाली. १९४८ च्या जुलैत तेथे सर्वांना मोफत औषधोपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा निघाली, तरी रुग्णवाहिका १९७४ पर्यंत नगरपालिका आणि काउंटी कौन्सिले यांच्याच ताब्यात होत्या. पुढे त्या आरोग्य सेवेकडे आल्या. त्यांच्यावर जी माणसे असतात त्यांना पॅरामेडिक म्हणतात. ती डॉक्टर नसतात, पण हृदयाचा आलेख काढणे, शिरेतून औषध देणे, श्वास बंद पडला तर तो चालू ठेवणे हे सगळे शिकलेली असतात. आणि प्रत्येक खेपेचा एक कागद त्यांना भरावाच लागतो. रोग्याचे नाव, वय, काय झाले, केव्हा झाले, नाडी किती, रक्तदाब किती, कोणते औषध किती वाजता दिले, कोणत्या औषधाचे वावडे आहे, कोणत्या रुग्णालयात कोणाच्या हाती सोपविले. कागद दुहेरी. वरची पांढरी प्रत कचेरीची, खालची गुलाबी प्रत रुग्णालयाची.

ती पांढरी प्रत माझ्याकडे येई. माझ्याकडे म्हणजे आम्हा सहाजणींकडे. खोक्यांतून गठ्ठे येत, ते सरळ करावयाचे, टाचण्या काढावयाच्या, यंत्रातून त्यांची छायाप्रत घ्यावयाची आणि त्यातले ठरावीक आकडे संगणकात टाकावयाचे. २००३ साली मी या कामावर लागले तेव्हा आमची मुख्य म्हणून एक वयस्क इंग्रज बाई होती. तिने पहिल्याच दिवशी मला एक पुठ्ठ्याची वही दिली. तीत कोणता पॅरामेडिक सात कसा काढतो आणि एक कसा काढतो याची नोंद होती. मोडी वाचणाऱ्या कारकुनाला जशी अक्षराची वळणे ओळखू यावी लागतात, तसेच हे काम. वर्षभरात मी अक्षरावरून माणूस ओळखू लागले. त्यांतल्या कित्येकांचे तोंड मी कधी पाहिले नाही, पण रात्रपाळीच्या शेवटी कोणाचे अक्षर उजवीकडे कलते हे मला ठाऊक होते.

अक्षर वाईट असावयास कारणही होते. चालत्या गाडीत, गुडघ्यावर फळी ठेवून, एका हाताने रोग्याला धरून लिहिलेले ते. पावसात भिजलेले, चहा सांडलेले, कधी रक्ताचा डाग पडलेले. घाईच्या वेळी तर ही माणसे कागद काढीतच नसत. हातातल्या रबरी मोज्यावरच पेनाने रक्तदाब लिहीत आणि मग सावकाश कागदावर उतरवीत. उतरविण्यापूर्वी मोजा टोपलीत गेला की रक्तदाबही गेला. मग तो रकाना मोकळा राही, नाहीतर आठवणीने भरला जाई. आठवणीने भरलेला आकडा ओळखू येतो; तो नेहमी गोल असतो. एकशेवीसावर ऐंशी!

आता एक गोष्ट सांगते. ती माझ्या मनात इतकी वर्षे राहिली आहे की आज इथे सांगितली म्हणजे जरा हलके वाटेल. २००९ च्या हिवाळ्यात एक कागद हाती आला. साठीच्या पुढची बाई, न्युमोनियाची लक्षणे, ताप, धाप. वावड्याच्या रकान्यात "पेनिसिलिन" असे लिहिलेले होते. लिहिलेले कसले, पेन टेकविलेले होते. शाई संपत आली असावी. मी सहज कागद उलटा करून उजेडात धरला. बाकीच्या अक्षरांचे दाब मागून दिसत होते. त्या एका शब्दाचा दाब नव्हता. म्हणजे खालच्या गुलाबी प्रतीवर, जी रुग्णालयाने ठेवून घेतली होती, तो रकाना कोराच असणार! आणि न्युमोनियाला पहिले औषध बहुधा पेनिसिलिनच्या कुळातलेच देतात, हे इतके कागद वाचून मला कळू लागले होते. कागदावरची तारीख दोन दिवसांपूर्वीची होती.

मी मुख्यबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आपले काम छायाप्रत घेण्याचे. वाचण्याचे नव्हे." नियमाने ते खरेच होते. कोणत्या रोग्याला काय झाले हे कारकुनाने चौकशी करीत बसू नये, असा तेथे सक्त दंडक आहे, आणि तो असावाच. मी जागेवर येऊन बसले. पुढचे चार कागद केले. मग उठून वरच्या साहेबांकडे गेले आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी काही न बोलता वॉर्डात टेलिफोन केला. तिकडून परिचारिका म्हणाली की, रोग्याच्या मुलीने पहिल्या रात्रीच वावड्याचे सांगितले होते, औषध दुसरे चालू आहे, प्रकृती बरी आहे. संपले. काहीच झाले नव्हते. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मुलगी रात्री तेथे नसती तर? आणि आमच्या खोलीत छतापर्यंत लागलेल्या त्या खोक्यांत न उमटलेले असे शब्द आणखी किती असतील? मुख्यबाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. पुढे एके दिवशी त्यांनी होऊन मला आपल्या डब्यातला केक दिला, म्हणजे राग गेला असे मी समजले.

कागद काढून टाकावा आणि यंत्रावर लिहावे, ही कल्पना तेथे तेव्हाही नवी नव्हती. २००२ साली सगळ्या आरोग्य सेवेचे दप्तर संगणकावर नेण्याची एक अवाढव्य योजना सरकारने काढली होती. अब्जावधी पौंड खर्चून २०११ साली ती मोडीत काढल्याचे जाहीर झाले. आणि रुग्णवाहिकेच्या लोकांच्या मनात तर त्याहून जुनी धास्ती होती. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठविण्याचे काम एकदम, सगळ्या शहराचे, नव्या संगणकावर टाकले. कोणती गाडी कोठे आहे हेच त्या यंत्राला नीट कळेना. एका जागी दोन गाड्या जात, दुसरीकडे एकही नाही. आलेले निरोप पडद्यावरून वर सरकून नाहीसे होत. लोक पुन्हा पुन्हा टेलिफोन करीत आणि त्याने गोंधळ आणखी वाढे. दोन दिवसांत ते अर्धे मागे घेतले, आणि ४ नोव्हेंबरला यंत्र साफ बंद पडले. तेव्हा पुन्हा कागदाच्या चिठ्ठ्यांवर काम सुरू झाले. चौकशी समितीचा अहवाल १९९३ च्या फेब्रुवारीत आला. तो आमच्या मुख्यबाईंच्या टेबलाच्या खणात असे. नवे यंत्र विकावयास कोणी आले की त्या तो खण थोडा उघडा ठेवीत.

तिकडे वेल्स प्रांतात मधला मार्ग काढला होता. कागदावर बारीक ठिपक्यांची जाळी छापावयाची आणि पेनाच्या टोकाशी इवलासा कॅमेरा बसवावयाचा. माणसाने नेहमीसारखे लिहावे, पेन ते पाहून ठेवी, आणि ठाण्यावर पेन खोबणीत ठेवले की मजकूर संगणकात जाई. मला ही युक्ती फार आवडली होती. लिहिणाऱ्याची सवय न मोडता काम होत होते. पण अक्षर वाईट ते वाईटच राही, आणि मजकूर रोग्याच्या आधी पोचावयाचा तो मागूनच पोचे. २०२१-२२ च्या सुमारास तेथेही पाट्याच आल्या.

आमच्याकडे पाटी आली २०१६ साली. पाटी म्हणजे टॅब्लेट. पण मी घरी पाटीच म्हणे, कारण तिच्याकडे पाहून मला आपल्या शाळेतली दगडी पाटीच आठवे. आधी एका ठाण्यावर, मग दुसऱ्या, असे वर्षभर चालले. लंडनचा धडा कोणीतरी घेतला होता म्हणावयाचा. आमच्या सहाजणींना बोलावून सांगण्यात आले की, आता गठ्ठे येणार नाहीत, तेव्हा दोनच जागा राहतील. एकीने मुदतीआधी निवृत्ती घेतली, दोघी दुसऱ्या खात्यात गेल्या, एक दुकानात लागली. मुख्यबाईंचे वय झालेच होते. जाताना त्यांनी ती अक्षरांची वही मला दिली. आता तिचा उपयोग काही नव्हता, तरी घेतली. ती येथे आणली आहे, सभेनंतर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी.

मला ठेवले, कारण मला चुका सापडत. आणि पहिले काही आठवडे रुग्णालयाच्या दारात, जेथे रुग्णवाहिका लागतात तेथे, उभे राहून पॅरामेडिक मंडळींना अडले तर दाखवावे, असे काम दिले. तेथे मी ती अक्षरे ज्यांची त्यांना प्रथम पाहिले. एक गृहस्थ तीस वर्षे नोकरी झालेले. त्यांच्या कागदांवरून मी हिशेब काढला होता की त्यांनी गाडीत किमान अकरा बाळंतपणे केली आहेत. ते दोन बोटांनी अक्षर शोधीत होते आणि कपाळाला घाम आला होता. मला म्हणाले, "बाई, मला पेन द्या, मी पाच मिनिटांत लिहितो." हातात मोजे असले की काच ऐकत नाही. उन्हात अक्षर दिसत नाही. पावसाचा थेंब पडला तर पाटीला वाटते बोटच लागले. तळघरात नाहीतर उद्वाहकात संदेशवहन तुटते. तेव्हा लिहिलेले पाटीतच राहते आणि बाहेर आल्यावर जाते, पण माणसाला वाटते की गेले सगळे. कागदावर पाच मिनिटांत होणारे काम प्रथम प्रथम पंचवीस मिनिटे घेई. तेथे रोगी रुग्णालयाच्या स्वाधीन पंधरा मिनिटांत करावा असा दंडक. बाहेर गाड्यांची रांग, आणि दुसऱ्या कोणाच्या घरी कोणीतरी वाट पाहत असलेले.

हे झाले गाऱ्हाणे. आता तिचे गुण सांगितले पाहिजेत, नाहीतर एकांगी होईल. पाटीवर वेळ आपोआप पडते. घड्याळ मागे-पुढे असण्याचा प्रश्नच गेला. अर्धांगवायूच्या रोग्याला रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध बहुधा लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात. तेव्हा "केव्हा शेवटचे बरे दिसले होते" या एका प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्याचा हात पुढे हलणार की नाही हे ठरते. कागदावर मी कितीदा तरी नुसते "सकाळी" असे वाचले होते. पाटी "सकाळी" घेत नाही. तास आणि मिनिट मागते. हृदयाचा आलेख यंत्रातून सरळ पाटीत येतो. नाडी, श्वास, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, ताप आणि शुद्ध किती आहे, हे भरले की ती धोक्याचा आकडा स्वतः मांडून दाखविते. तेथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली ही मोजणी काढली आणि २०१७ साली सुधारली. बेरीज सात किंवा अधिक झाली की तातडी. पूर्वी ही बेरीज गाडीत बोटांवर करीत. आणि रोगी दारात येण्यापूर्वी आतल्या डॉक्टरांना सगळे वाचावयास मिळते. आमच्या एका रुग्णालयात मात्र आतली बाई ते पडद्यावर न वाचता छापून घेई आणि फळीला लावी. म्हणजे कागद मारावयास निघालो आणि तो मागच्या दाराने पुन्हा आत आला!

शिवाय हिशेब. १९९० च्या जूनमध्ये नॉर्वेतल्या उट्स्टाईन नावाच्या एका जुन्या मठात डॉक्टर लोक जमले आणि हृदय बंद पडलेल्या रोग्याची नोंद सर्व देशांनी एकाच पद्धतीने ठेवावी असे त्यांनी ठरविले, म्हणजे कोठे किती माणसे वाचतात याची तुलना होईल. इंग्लंडात २०११ पासून प्रत्येक रुग्णवाहिका सेवेला असे आकडे प्रसिद्ध करावे लागतात. त्यासाठी आम्ही गठ्ठ्यांतून ते कागद हाताने वेचून काढीत असू. महिना जाई, आणि एखादा निसटला तर निसटला. पाटीने ते काम एका दिवसावर आणले.

पण पाटीचा एक दुर्गुण मला माझ्या नव्या कामात कळला. पाटीवर काही रकाने सक्तीचे असतात. ते भरल्याखेरीज पुढचे पान उघडत नाही. मग माणूस काय करतो? काहीतरी भरतो. मी श्वासाचे आकडे ओळीने पाहू लागले. मिनिटाला सोळा. पुढचा रोगी सोळा. त्याच्या पुढचा सोळा. एवढ्या मोठ्या शहरात सगळेच सोळा श्वास घेत असतील हे संभवत नाही. कागदावर रकाना कोरा दिसे, तेव्हा निदान मोजले नाही हे तरी कळे. आता कोरे काहीच दिसत नाही. खोटे नीटनेटके झाले की ते पकडणे अवघड. मी तसे लेखी कळविले. पुढे "मोजता आले नाही" असे लिहिण्याची सोय केली, कारणासह. आकडे लगेच वेगवेगळे येऊ लागले. दुसरे, कागदाचा समास गेला. समासात ही माणसे लिहीत: "मांजर शेजारणीकडे दिले." "नवऱ्याला अजून सांगितलेले नाही." "घरात खावयास काही नाही." हे रकान्यात बसणारे नव्हे. पाटीवरही मोकळी जागा आहे, नाही असे नाही; पण समास मोकळा दिसला की हात आपोआप तिकडे जातो, तसा मोकळ्या चौकटीकडे जात नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. सासूबाई आमच्याजवळ होत्या. २०१८ साली त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, डोक्याला खोक पडली. यजमानांनी ९९९ ला कळविले. गाडी दहा-बारा मिनिटांत आली. दोघे आले, त्यांतला एक तरुण मुलगा. त्याने पाटी काढली आणि मध्यवर्ती नोंदवहीत सासूबाईंचे नाव शोधले. तेथे प्रत्येकाला दहा आकड्यांचा एक क्रमांक असतो. तो सापडला की त्या माणसाची चालू औषधे आणि वावडी समोर येतात. फार चांगली सोय आहे. तो मला म्हणाला, "बाई रक्त पातळ करण्याची गोळी घेतात, तेव्हा मेंदूचा फोटो लागेल. औषधांचे वावडे नाही."

सासूबाई तसली गोळी कधी घेत नव्हत्या. आणि त्यांना गंधकाच्या कुळातल्या, सल्फाच्या, औषधांचे वावडे होते. एकदा अंगभर फोड येऊन आठ दिवस रुग्णालयात काढले होते. मी म्हटले, "हे त्यांचे नव्हे." तो म्हणाला, "नाव तेच, जन्मतारीखही तीच." मी पाटी पाहावयास मागितली. आमचे आडनाव पाटील. टेलिफोनवर ऐकणाऱ्याने ते पटेल असे घेतले होते, कारण त्या शहरात पटेल पुष्कळ आणि पाटील आम्हीच. सासूबाईंचे नाव त्यांच्या पिढीत दर चौथ्या घरात असलेले. आणि जन्मतारीख १ जून १९३८.

आपण हसलात, म्हणजे आपल्या लक्षात आले. ही तारीख येथे बसलेल्या किती जणींच्या घरी आहे? शाळेत नाव घालावयाच्या दिवशी मास्तरांनी वय अंदाजाने धरावयाचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहून टाकावयाचे. आपल्या सासूबाई, आजेसासरे, मामा, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. त्या कोणा पटेलबाईंच्याही मास्तरांनी तसेच केले असावे. इंग्लंडात जन्मतारीख ही माणसाची पक्की खूण समजतात. एकच नाव, एकच तारीख आणि दोन बायका, असे तेथे क्वचित होते. आपल्या लोकांत सहज होते.

पडद्यावर पत्ता होता तो दुसऱ्या गावचा. तो मुलाने पाहिला नव्हता. मी बोट ठेवून दाखविल्यावर त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात सासूबाई, त्यांच्या कपाळावर कापूस दाबून धरलेला, मला मराठीत म्हणाल्या, "हा मुलगा केव्हाचा त्या काचेकडेच बघतोय. त्याला म्हणावं, जरा माझ्याकडे बघ. मी पाटलाची सून आहे." मी ते भाषांतर करून सांगितले. तो खरोखरच पाटी बाजूला ठेवून गुडघ्यावर बसला, त्यांचा हात हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारू लागला. पुढचे सगळे नीट झाले. पाच टाके पडले.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले ती तक्रार लिहूनच. घरची गोष्ट आहे म्हणून झाकावी असे क्षणभर वाटले होते. त्या मुलाची नोकरी नवी होती. पण मी दुसऱ्यांच्या घरच्या चुका इतकी वर्षे शोधीत आले, मग स्वतःच्या घरची कशी सोडावी? त्याला शिक्षा झाली नाही. पत्त्याची पहिली ओळ रोग्याला किंवा घरच्यांना तोंडाने विचारल्याखेरीज नोंद उघडू नये, अशी सूचना सर्व ठाण्यांवर लागली. त्या सूचनेखाली कोणाचे नाव नव्हते. बरेच झाले.

कागद पुरता गेला असे मात्र कोणी समजू नये. मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी, १८ जुलै २०२३ रोजी, ऑर्टिव्हस नावाच्या एका स्वीडिश कंपनीच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. तिच्या पाट्या इंग्लंडच्या दक्षिणेतल्या दोन रुग्णवाहिका सेवा वापरीत. त्या दोन्ही मिळून सव्वा कोटीच्या आसपास लोकवस्तीची काळजी घेतात. एका दिवसात त्यांच्या पाट्या मुक्या झाल्या आणि पॅरामेडिक पुन्हा पेन-कागद घेऊन बसले. ती आमची सेवा नव्हे, पण आमच्याकडेही त्या दिवशी प्रत्येक गाडीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा आहे का हे तपासावयास माणसे धावली. नव्या मुलांपैकी काहींना तो भरता येईना. मला पुन्हा बोलावणे आले, यावेळी उलटे शिकवावयास. वरची प्रत पांढरी, खालची गुलाबी. पेन दाबून लिहा, बाळांनो. त्यात माझी थोडी जिरवाजिरवीची हौस भागली, हे कबूल करते.

आता आपल्याकडचे. महाराष्ट्रात १०८ या आकड्यावर येणारी रुग्णवाहिका २०१४ सालापासून आहे, ती मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो, ही तेथल्यापेक्षा वरचढ गोष्ट. २०२१ च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर निघाले, त्यात माणसाला चौदा आकड्यांचा आरोग्य क्रमांक मिळतो. म्हणजे पाटी आपल्याही दारी येणार. ती येईल तेव्हा आपल्या घरातली १ जूनची मंडळी तिच्यासमोर ओळीने उभी राहणार आहेत. बायकांची तर दोन-दोन नावे, एक माहेरचे, एक सासरचे. शाळेच्या दाखल्यावर एक, शिधापत्रिकेवर दुसरे, आणि रुग्णालयाच्या केसपेपरवर लिहिणाऱ्याने ऐकले ते तिसरे. माझ्या आईच्या कागदांत मला तिची चार नावे सापडली. त्यांतल्या एकात ती चुकून माझी मामी झाली होती.

तेव्हा मंडळापुढे मी एक मागणी ठेवते. इंग्लंडात लायन्स क्लब एक लहान प्लॅस्टिकची बाटली मोफत वाटतात. तीत आपल्या आजारांची, औषधांची, वावड्यांची चिठ्ठी घालून ती फ्रिजमध्ये ठेवावयाची, आणि फ्रिजवर व पुढच्या दाराच्या आतल्या बाजूला हिरव्या क्रॉसची चिकटपट्टी लावावयाची. फ्रिज बहुतेक घरी असतो आणि सापडावयास सोपा, म्हणून तो. येणाऱ्या पॅरामेडिकला कोठे पाहावे हे विचारावे लागत नाही. पाटी आल्यावरही तेथे ती बाटली बंद झालेली नाही. आमच्या सासूबाईंच्या बाटलीत मी त्या प्रसंगानंतर एक ओळ ठळक अक्षरात वाढविली होती: "पाटील. पटेल नव्हे."

तशीच कार्डे मी येथल्या छापखान्यात दोनशे छापून आणली आहेत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. बाटलीचे आपल्याला नको, लोणच्याची लहान बरणी पुरे. नाव मात्र आधारकार्डावर आहे तसेच लिहा, आणि खाली कंसात माहेरचे. जन्मतारीख १ जून असेल तर तीच ठेवा, बदलू नका. पण शेजारी खरी तिथी माहीत असेल तर लिहा. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेहाची सुई, वावडी, ही पहिल्या तीन ओळींत. डॉक्टर गोळ्या बदलतात, म्हणून औषधांचे रकाने पेन्सिलीने भरा. बाकी सगळे पेनाने, दाबून. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी आणि अध्यक्षबाईंची नात बसून भरून देऊ. कार्डे दारापाशी, हळदीकुंकवाच्या तबकाशेजारी ठेवली आहेत. चहा येण्यापूर्वी प्रत्येकीने घरातल्या माणसांइतकी उचलावीत, आणि ज्यांच्या शेजारी कोणी एकटे राहत असेल त्यांनी एक जास्त घ्यावे.